बाग बघायची की बसायची?

मागच्या दोन व्याख्यानांत आपण कांटच्या सौंदर्यविचाराचा पाया पाहिला. आज तोच विचार बरोबर घेऊन आपण घराबाहेर पडणार आहोत. फार लांब नाही. वस्तीच्या कोपऱ्यावर नगरपालिकेची जी बाग असते, तिथपर्यंत.

कोणी म्हणेल, बागेचं काय तत्त्वज्ञान करायचं? झाडं लावा, पाणी घाला, बाकडी ठेवा, संपला विषय. पण शहरात जमिनीइतकी महाग वस्तू दुसरी नाही. त्या जमिनीचा एक तुकडा आपण 'हा सगळ्यांचा' असे म्हणून बाजूला ठेवतो, तेव्हा 'सगळे' म्हणजे कोण हे कुठेतरी ठरावे लागते. ते ठरावात लिहिलेले नसते. ते फाटकाच्या वेळांत, बाकाच्या जागेत, झाडाच्या निवडीत, कुंपणाच्या उंचीत ठरते. म्हणून आपण बागेचा आराखडा एखाद्या ग्रंथासारखा वाचणार आहोत. तो काय म्हणतो, कोणाला उद्देशून म्हणतो, आणि कोणाचे नाव गाळतो, एवढेच पाहायचे आहे.

आधी मजकूर डोळ्यांसमोर आणू. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या शहरांत झालेल्या वस्तीपातळीवरच्या बागा आठवा. दर्शनी कमान, तिच्यावर नामफलक. आत शिरल्यावर पेव्हर ब्लॉकची वाट, कडेला रंगवलेले दगड. मधोमध लॉन, त्यावर 'हिरवळीवर चालू नये' ही पाटी. एक कारंजे, जे उद्घाटनाच्या दिवशी उडाले होते. फायबरचा जिराफ, फायबरचा हत्ती, आणि हल्ली 'आय लव्ह' लिहिलेला सेल्फी पॉइंट. एका बाजूला ओपन जिम. कुंपणाला लागून उभ्या अशोकाची रांग. भिंतीला पाठ टेकून वाटेकडे तोंड केलेली बाकडी, प्रत्येकावर कोणाच्या निधीतून आले त्याचे नाव. आणि दुपारी फाटकाला कुलूप.

यातली एकेक वस्तू वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. ओपन जिमवर हातपाय हलवणारी मंडळी आनंदात असतात, लहान मुले जिराफाच्या मानेवर चढतात. पण सगळ्या वस्तू एकत्र ठेवल्या की त्यांतून एक विधान तयार होते: बाग ही बघण्याची गोष्ट आहे. या, वाटेने चाला, बघा, फोटो काढा, निघा.

हे विधान आले कुठून? इथे कांट उपयोगी पडतो. 1790 साली प्रसिद्ध झालेल्या 'क्रिटिक ऑफ जजमेंट' या ग्रंथात त्याने ललित कलांची विभागणी केली आहे. दृश्य आकार घडवणाऱ्या कलांचे तो दोन गट करतो. एका गटात शिल्पकला आणि वास्तुकला, दुसऱ्यात चित्रकला. आणि उद्यानकला? ती त्याने वास्तुकलेशेजारी न बसवता चित्रकलेच्या पोटात घातली. बाग म्हणजे गवत, फुले, झुडपे, पाणी, उंचसखलपणा यांची डोळ्यांना सुखावणारी मांडणी. रंगांऐवजी खऱ्या वस्तू वापरून केलेले चित्र. वास्तुकलेबद्दल मात्र तो स्पष्ट सांगतो की तिथे वस्तूचा उपयोग हाच गाभा आहे. इमारत कशासाठी आहे हे बाजूला ठेवून तिच्या सौंदर्याचा निर्णय करता येत नाही.

म्हणजे बघा, कांटजवळ दोन कप्पे होते. एकात उपयोग महत्त्वाचा, दुसऱ्यात केवळ दर्शन. बाग दुसऱ्या कप्प्यात गेली. कांटवर राग धरण्याचे कारण नाही. त्याच्या काळातली नाव घेण्याजोगी बाग राजाची किंवा सरदाराची होती. मालकाकडे राहायला वाडा होता, बसायला दिवाणखाना होता, हिंडायला रान होते. बागेकडून त्याला दर्शनच हवे होते. आपला प्रश्न वेगळा आहे. ज्याच्याकडे दिवाणखाना नाही, दोन खोल्यांत सहा माणसे आहेत, त्याच्यासाठी केलेली बागही आपण त्याच कप्प्यात ठेवायची का?

आपल्या मराठी सौंदर्यचर्चेत या वादाला जुनी परंपरा आहे. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (1974) या ग्रंथात अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी या दोन ध्रुवांची मांडणी केली. एक म्हणतो, कलाकृतीचे जग व्यवहारापासून तुटलेले, स्वयंपूर्ण. दुसरा म्हणतो, कला जीवनाच्या निकषांपासून सुटत नाही. कवितेबाबत हा वाद पिढ्यान्पिढ्या चालू शकतो आणि कोणाचे बिघडत नाही. बागेबाबत तसे म्हणता येत नाही. तिथे अलौकिकतावाद जिंकला की म्हातारीला टेकायला जागा उरत नाही.

आता एक उदाहरण घेऊ, आणि मुद्दाम चांगले उदाहरण घेऊ. वाईट बागेवर टीका करणे सोपे असते. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे. पुणे आणि जपानमधील ओकायामा या शहरांच्या मैत्रीची ही खूण. सुमारे 10 एकरांची, ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली. पाण्याचा वाहता ओघ, छोटे पूल, राखलेली हिरवळ, बेताने ठेवलेले खडक. पुण्यातल्या सर्वांत देखण्या सार्वजनिक जागांत तिची गणना करायला हरकत नाही.

पण मूळ कोराकुएन काय होते? ओकायामाचा सरंजामदार इकेदा त्सुनामासा याने स्वतःसाठी करवलेली बाग. काम 1687 मध्ये सुरू झाले, 1700 च्या सुमारास पूर्ण झाले. सामान्य लोकांना ती रोजची जागा म्हणून खुली झाली ती 1884 नंतर, प्रांतिक सरकारच्या ताब्यात आल्यावर. या बागांची रचना चालत जाणाऱ्यासाठी असते. वाट वळते तसे एकेक दृश्य उलगडते, पुढच्या वळणावर दुसरे. पाहुणा चालतो, थबकतो, बघतो, पुढे जातो. त्या परंपरेत ही फार उंच दर्जाची कला आहे. शिवाय मूळ बागेत भाताची खाचरे आहेत, चहाचा मळा आहे. म्हणजे राबणारी जमीनही त्या दृश्याचा भाग आहे. आपण नक्कल करतो तेव्हा बहुतेक वेळा दृश्य उचलतो आणि राबणे मागे ठेवतो.

गंमत नावात आहे. चाळीतल्या माणसांच्या गप्पांतून, भांडणांतून, गच्चीवरच्या सभांतून ज्याने महाराष्ट्राला हसवले, त्या पुलंचे नाव आपण कोणत्या बागेला दिले? जिथे हळू आवाजात, वाटेने, ओळीत चालावे असे वाटते त्या बागेला! त्या बागेचा हा दोष मानायचा नाही. शहराला एखादी अशी शांत, बघण्याची बाग हवीच, जसे शहराला एक संग्रहालय हवे. अडचण पुढे होते. ही प्रेक्षणीय बाग नमुना ठरते, आणि अर्ध्या एकराच्या वस्तीतल्या भूखंडावर तिची स्वस्त आवृत्ती येते. खडकाच्या जागी सिमेंटचा खडक, ओघाच्या जागी फरशी लावलेले कोरडे टाके, आणि मुलांना खेळायला शिल्लक राहिलेली जागा शून्य. संग्रहालय एक असावे. प्रत्येक घराचे संग्रहालय केले तर राहायचे कुठे?

आता दुसरे टोक. मुंबईचे शिवाजी पार्क. 1925 साली नगरपालिकेने हे मैदान केले. तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. 1927 मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. क्षेत्र सुमारे 28 एकर. उद्यानकलेच्या परीक्षेला ही जागा बसवली तर बहुधा नापास होईल. मधोमध मातीचे मैदान. उन्हाळ्यात लाल धूळ उडते आणि भोवतालचे रहिवासी त्रासतात. पुष्परचना नाही, दृश्यांची मालिका नाही. तरी शंभर वर्षे ती जागा माणसांनी भरलेली आहे. क्रिकेट, व्यायामशाळा, गणपतीचे देऊळ, फेऱ्या मारणारे, सभा, मोर्चे, आणि काहीही न करणारे.

या काहीही न करणाऱ्यांची सोय कोणी केली? कट्ट्याने. मैदानाच्या कडेने धावणारी ही बुटकी भिंत सव्वा किलोमीटरच्या आसपास भरते. आमच्या मते सार्वजनिक जागेच्या रचनेतला महाराष्ट्रातला हा सर्वांत यशस्वी नमुना आहे, आणि कोणत्याही पुष्पप्रदर्शनात त्याला बक्षीस मिळालेले नाही. तो काय करतो ते नीट पाहू. तो हद्द दाखवतो, पण अडवत नाही. त्यावर आत तोंड करून बसले की खेळ दिसतो, बाहेर तोंड करून बसले की रस्ता. दोन माणसे बसली तरी चालते, बारा बसली तरी चालते. अनोळखी माणूस शेजारी येऊन टेकला तर ते अंगावर आल्यासारखे वाटत नाही, कारण कट्टा सलग आहे, कोणाचा हिस्सा ठरलेला नाही. मध्ये हात घातलेल्या लोखंडी बाकासारखा तो 'दोघेच बसा, आडवे होऊ नका' असे बजावत नाही. वर झाडांची सावली आहे. आणि फुकट आहे. बसण्यासाठी चहा विकत घ्यावा लागत नाही.

हॅना आरेंट या विदुषीने 1958 च्या आपल्या ग्रंथात सार्वजनिक जगाला टेबलाची उपमा दिली आहे. टेबल भोवती बसलेल्यांना जोडते आणि त्याच वेळी त्यांच्यात अंतरही राखते. टेबल काढून घेतले तर माणसे जवळ येत नाहीत. ती एकमेकांवर आदळतात किंवा उठून जातात. कट्टा हे आपले टेबल आहे. एकत्र बसायला लावतो, पण ओळख करून घेण्याची सक्ती करत नाही. चांगल्या सार्वजनिक जागेची आमच्या मते हीच कसोटी आहे. अनोळखी राहूनही तिथे सुरक्षित वाटले पाहिजे.

ही सुरक्षितता सर्वांना सारखी मिळत नाही, हेही बोलले पाहिजे. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 'व्हाय लॉयटर?' (2011) या पुस्तकात मुंबईतल्या स्त्रियांबद्दल एक साधे निरीक्षण ठेवले आहे. बाई घराबाहेर असेल तर तिला काहीतरी काम आहे असे दिसावे लागते. हातात पिशवी हवी, बरोबर मूल हवे, किंवा चालण्याचा वेग तरी हवा. विनाकारण रेंगाळणे हा पुरुषांचा हक्क. आता हे मनात ठेवून बागेचा नकाशा पुन्हा वाचा. जॉगिंग ट्रॅक आहे, म्हणजे चालणाऱ्या बाईची सोय झाली. खेळाची जागा आहे, म्हणजे आईची सोय झाली. जी आई म्हणून आलेली नाही, वजन कमी करायला आलेली नाही, जिला अर्धा तास नुसते बसायचे आहे, तिची जागा कुठे आहे? भिंतीलगतच्या अंधाऱ्या कोपऱ्यातले बाक ती निवडणार नाही. स्वच्छ, उघडे असलेले, पाणी असलेले स्वच्छतागृह नसेल तर ती अर्ध्या तासाच्या वर थांबणारही नाही. कारंज्याच्या खर्चात स्वच्छतागृह होते. आराखड्यात कारंजे आधी काढले जाते, यावरून तो कोणासाठी आहे ते समजते.

वेळेचेही तसेच. आपल्या अनेक शहरांत बागा सकाळी काही तास आणि संध्याकाळी काही तास उघड्या असतात. दुपारी बंद. कारण विचारले की देखभाल आणि 'गैरप्रकार' ही दोन उत्तरे येतात. दुपारी शहरात मोकळे कोण असते? दोन घरांच्या कामांमध्ये तास-दीड तास मिळालेली मोलकरीण. पुढच्या ऑर्डरची वाट पाहणारा डिलिव्हरीवाला. सकाळची फेरी संपलेला भाजीवाला. परीक्षेचा अभ्यास करणारा, घरी टेबल नसलेला मुलगा. ज्यांना सावलीची गरज सर्वांत जास्त, नेमके त्यांच्या वेळेला कुलूप. सकाळ-संध्याकाळ येणारे बहुतेक घर असलेले असतात. ते फिरायला येतात, घरी जातात. दुपारचे लोक बसायला येतात, कारण त्या तासाला त्यांना घर नसते. म्हणून आम्ही म्हणतो, एखादी बाग सार्वजनिक आहे का हे ओळखायचे तर दुपारी दोन वाजता जाऊन पाहावे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. उघडी ठेवली तर दारू पिणारे येतील, जुगारी येतील, मोडतोड होईल. बागेचे कुलूप लोकांनीच मागितले आहे.

या आक्षेपाला जेन जेकब्जने फार पूर्वी उत्तर दिले. 1961 च्या तिच्या 'द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज' या ग्रंथात वस्तीतल्या बागांवर एक अख्खे प्रकरण आहे. फिलाडेल्फिया शहर वसवताना विल्यम पेनने 1682 च्या आराखड्यात मधल्या चौकाभोवती चार चौक राखून ठेवले. जवळजवळ सारख्या आकाराचे, मध्यापासून जवळजवळ सारख्या अंतरावर. पावणेतीनशे वर्षांनी जेकब्जने पाहिले तेव्हा चौघांची चार नशिबे झाली होती. रिटनहाउस चौक शहराचा लाडका. फ्रँकलिन चौक बेघर, बेकार माणसांचा. वॉशिंग्टन चौक भोवती फक्त कचेऱ्या असल्याने जेवणाच्या सुट्टीपुरता जिवंत, एरवी ओसाड, आणि ओसाड म्हणूनच बदनाम. लोगन चौक रहदारीच्या वेढ्यातले बेट. असा प्रयोग ठरवून करता येत नाही. इतिहासाने तो करून दिला.

जेकब्जचा निष्कर्ष असा की बाग वस्तीला जीव देत नाही, वस्ती बागेला देते. रिटनहाउसभोवती घरे होती, दुकाने होती, कचेऱ्या होत्या, त्यामुळे दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या कारणांनी माणसे येत राहिली. एकाच प्रकारची माणसे एकाच वेळी येऊन गेली की उरलेल्या वेळेत पोकळी होते, आणि आपल्याला ज्यांची भीती वाटते ते त्या पोकळीत शिरतात. म्हणजे कुलूप हा ओसाडीवरचा उपाय समजून आपण ओसाडीच वाढवतो. उलट फाटकाशी चहाची टपरी असू द्या, पुस्तकांचे कपाट असू द्या, चपला शिवणाऱ्याला झाडाखाली बसू द्या. त्यांचे डोळे दिवसभर बागेवर असतील. आणि फ्रँकलिन चौकातल्या बेघर माणसांबद्दल जेकब्जने नाक मुरडलेले नाही, हेही लक्षात ठेवावे. ती त्यांचीही बैठकीची खोली होती.

पण जेकब्जलाही आपण डोळे मिटून स्वीकारायचे नाही. चांगल्या बागेसाठी तिने चार गुण सांगितले: रचनेत वैविध्य, एक केंद्र, भोवती वेढा, आणि ऊन. होय, ऊन. फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात माणूस उन्हासाठी बागेत जातो. अकोल्यात, नांदेडमध्ये, सोलापुरात एप्रिल-मेमध्ये तो सावलीसाठी जाईल. निकष उसना घेताना तो उलटा करावा लागतो. मग आपल्या बागांत सावली कोण देते? लॉन देत नाही. बॉटल पाम देत नाही. उभा अशोक सरळ वर जातो आणि स्वतःपुरती सावली पाडतो. कडुनिंब, करंज, वड, पिंपळ, जांभूळ, चिंच ही सावलीची झाडे. ती पसरतात, पाने गाळतात, फळांनी जमीन डागाळतात, म्हणून 'अस्वच्छ' ठरतात. बाग चित्राच्या कप्प्यात असली की गळलेले पान हा डाग असतो. वास्तूच्या कप्प्यात आणली की पसरलेली फांदी हे छप्पर असते. कप्पा बदलला की झाडाची निवड बदलते, ती अशी. आणि झाड लावून त्याच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवणे याला काय म्हणावे? दिल्लीबाबत राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये आदेश दिला की झाडाभोवतीची एक मीटर जागा सिमेंटमुक्त ठेवा. एवढी गोष्ट आदेशाने सांगावी लागली.

मुलांकडे वळू. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲमस्टरडॅममध्ये आल्डो व्हान आयक या तरुण वास्तुरचनाकाराने नगरपालिकेच्या नोकरीत असताना 1947 साली बेर्टेलमानप्लाइन या चौकात एक छोटे क्रीडांगण केले. वाळूचा हौद, उड्या मारायला काही ठोकळे, लोंबकळायला लोखंडी कमानी, कडेने बाक. बस्स. ते लोकांना इतके आवडले की इतर वस्त्यांतून पालिकेला पत्रे येऊ लागली, आम्हालाही हवे. पुढच्या तीस वर्षांत अशी सातशेहून अधिक क्रीडांगणे झाली, पुष्कळशी दोन इमारतींमधल्या रिकाम्या, उकिरडा झालेल्या तुकड्यांवर. त्यांत जिराफ नव्हता, हत्ती नव्हता. लोखंडी कमान कधी डोंगर, कधी किल्ला, कधी दुकान होई. फायबरचा हत्ती मात्र हत्तीच राहतो. दोनदा चढून झाले की संपला. रचनाकाराने कल्पना करून संपवली की मुलाला करायला काय उरते?

या उदाहरणातून आणखी दोन गोष्टी घ्याव्यात. एक, जागा मोठी लागत नाही. मुंबईत माणशी मोकळी जागा एक-सव्वा चौरस मीटर असल्याचे सांगितले जाते, आणि केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे दहा-बारा चौरस मीटर म्हणतात. ही दरी मोठ्या उद्यानांनी भरणार नाही, कारण मोठे भूखंड उरलेलेच नाहीत. तुकडे आहेत. दुसरी गोष्ट, लोकांनी पत्रे लिहून मागितले. मागणी वस्तीतून आली, नमुना साधा होता, आणि पालिका ऐकत होती.

ऐकण्याची ही पद्धत आपल्याला परकी नाही. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले, गो. स. घुर्ये घडले ते त्याच विभागाच्या आरंभकाळात. गेडिसनी भारतातल्या अनेक शहरांचे अहवाल लिहिले. जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढण्याच्या त्या काळच्या प्रथेला त्यांचा विरोध होता. आधी पायी हिंडा, कोणते झाड, कोणती विहीर, कोणते देऊळ लोकांना एकत्र आणते ते पाहा, आणि मग कमीत कमी कापा, असे ते सांगत. शल्यक्रियेत जिवंत पेशी राखाव्यात तसे. इंदूरमध्ये त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढली आणि ज्या वस्त्यांनी आपली साफसफाई केली त्या वस्त्यांतून ती नेली. आजच्या भाषेत आपण याला लोकसहभाग म्हणतो आणि त्यासाठी एका दुपारी सादरीकरण ठेवतो. आराखडा तयार असतो, खुर्च्या मांडलेल्या असतात, सूचना मागवल्या जातात, बिस्किटे वाटली जातात. गेडिसच्या कसोटीला हे उतरणार नाही.

आता स्वतःच्याच म्हणण्यावर एक आक्षेप घेतो. कट्टा, पार, चावडी हे शब्द उच्चारले की आपला सूर हळवा होतो. पूर्वी गावात कसे सगळे पारावर बसायचे! सगळे? पारावर कोण बसू शकत होते आणि कोणी लांबून वळसा घालून जायचे, हे या राज्यात कोणाला सांगायची गरज नसावी. 1923 मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. तरी 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह तिथे जाऊन पाणी प्यावे लागले, आणि त्यानंतर हल्ला झाला. ठरावाने जागा खुली होते. व्यवहाराने ती खुली करावी लागते. म्हणून आपण परंपरेतून कट्ट्याचा आकार घेऊ, पाराची सावली घेऊ, पण 'समाज' हा शब्द जपून वापरू. समाजकेंद्री बाग म्हणजे ज्यांचा आवाज आधीच मोठा आहे त्यांची बाग, असे होऊ शकते. सोसायट्यांचे रहिवासी शेजारच्या झोपडपट्टीतल्या मुलांना बागेत येऊ देऊ नका असा अर्ज देतात, तोही लोकसहभागच असतो.

मग नियम कोणी करायचे? एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी 1990 च्या आपल्या ग्रंथात जगभरची सामाईक कुरणे, कालवे, मासेमारीची पाणथळे तपासली. 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. सामाईक संपत्ती टिकते तिथे काही गोष्टी सारख्या आढळतात. जे वापरतात त्यांना नियम बदलण्यात भाग असतो, देखरेख करणारे वापरणाऱ्यांना उत्तरदायी असतात, आणि तंटा सोडवायला जवळची, स्वस्त जागा असते. शिवाजी पार्कच्या सभांचा तंटा न्यायालयात गेला आणि 2010 मध्ये तो परिसर शांतता क्षेत्र ठरला. क्रिकेट खेळणारे, सभा घेणारे, धुळीने खोकणारे, तिघांचेही म्हणणे खरे असू शकते. वस्तीतल्या अर्ध्या एकराच्या बागेसाठी मात्र न्यायालयापर्यंत जावे लागू नये. तिची समिती असावी, तिच्यात माळी असावा, दुपारी येणाऱ्यांचा कोणी असावा, आणि शाळेतली दोन मुलेही असावीत.

हे सगळे कशासाठी, असे विचाराल तर शेवटचा मुद्दा जमिनीचा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार विकास आराखड्यात बागेसाठी आरक्षण टाकले जाते. दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही तर कलम 127 खाली मालक नोटीस देऊ शकतो, आणि मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण गळून पडते. नकाशावरचे हिरवे ठिपके असे एकेक पुसले जातात. ताब्यात आलेल्या जागांवरही क्लब येतो, पार्किंग येते, 'दत्तक' देण्याची योजना येते. मुंबईत मोकळ्या जागांच्या दत्तक धोरणावरून वर्षानुवर्षे वाद झाला तो याचसाठी. अशा वेळी जागा कोण वाचवते? ज्यांचा तिच्याशी रोजचा संबंध आहे ते. नुसत्या बघायच्या बागेला प्रेक्षक असतात, आणि प्रेक्षक भांडायला येत नाहीत. ज्याची दुपार तिथे गेली आहे, ज्याने तिथल्या कमानीवर लोंबकळत हात सोलून घेतले आहेत, तो येतो. म्हणून बसण्याचा प्रश्न आम्ही सोयीचा मानत नाही. जागा सार्वजनिक राहणार की नाही, याचा तो प्रश्न आहे.

आपल्या वॉर्डात नवी बाग होत असेल तर आराखडा मागवून घ्या. तो उघड्यावर ठेवणे पालिकेचे काम आहे आणि मागणे आपले. रंगीत चित्राकडे आधी पाहू नका, ते चित्राच्या कप्प्यातले आहे. नकाशा पाहा. दुपारी दोनला सावली कुठे पडेल, ते बोटाने दाखवायला सांगा. फाटक किती, कुठल्या वस्तीकडे तोंड करून, आणि किती तास उघडे, ते विचारा. बसायच्या जागांची एकूण लांबी किती मीटर, हा प्रश्न तर जरूर विचारा. आमच्या अनुभवात या प्रश्नाला आराखडा करणारा गडबडतो, कारण बाकांची संख्या त्याला माहीत असते, लांबी त्याने कधी मोजलेली नसते. पाणी आणि स्वच्छतागृह नकाशावर आहे का, ते बघा. कोणती झाडे, त्यांची नावे मराठीत लिहून मागा. आणि एवढी जागा पुरी पडणार नाही असे उत्तर आले तर म्हणा, कारंजे काढा.

पुढच्या व्याख्यानात आपण याच धाग्याने रस्त्याच्या कडेची जागा, म्हणजे पदपथ घेणार आहोत. तोवर प्रश्न लिहून पाठवा. कोणाला आपल्या गावातली, दुपारी उघडी असलेली बाग माहीत असेल तर तिचे नावही कळवा. आज इथेच थांबू.